माहेरच्या रस्त्याचा इतिहास

नागपूर माझं माहेर, जबलपूर सासर. मधला पावणेतीनशे किलोमीटरचा रस्ता मी आधी रोडवेजच्या बसने आणि पुढे आमच्या गाडीने इतक्या वेळा केला आहे, की गावं पाढ्यासारखी पाठ झाली आहेत. तिलवाराघाटाला नर्मदा ओलांडली की बरगी, धूमा, लखनादौन. मग वैनगंगेकाठचं छपारा, सिवनी, कुरईचा घाट, खवासा, मनसर, कामठी. हल्ली आम्ही दोघं चौपदरी सोडून जुन्या रस्त्याने गावागावांत शिरत जातो. भाचा विचारतो, “मावशी, आत कशाला शिरता?” मी म्हणते, रस्ता बघायला. दोनशे वर्षांपूर्वी याच वाटेवर कुणी असं म्हटलं असतं, तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

मी शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे हा विषय डोक्यातून जात नाही. या वाटेने तेव्हा कोण जायचं? एक तर काशीचे यात्रेकरू. नागपूरकर भोसल्यांच्या मुलखातून काशीला जायचं तर सातपुडा चढून, जबलपूरला नर्मदा ओलांडून मिर्झापूरकडे. निघण्याआधी घरादाराची, देण्याघेण्याची निरवानिरव करून निघायचं, कारण परत येण्याची खात्री नसे. एकट्याने जायची सोय नव्हती, संग धरावा लागे. धड परत आलं की गंगेची पूजा करून मावंदं घालायचं. आमच्याकडे आजही कुणी काशीहून विमानाने तीन दिवसांत परतलं तरी मावंद्याचं जेवण होतं. विमानाने जाऊन मावंदं कसलं, असं माझ्या मनात येतं. पण पुरणपोळी असते, म्हणून मी काही बोलत नाही.

दुसरे जायचे बंजारे. वऱ्हाड-नागपूरचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून मिर्झापूरला न्यायचा आणि तिथून गंगेच्या होड्यांनी कलकत्त्याला, हा मोठा व्यापार होता. तांडा दिवसाला तीन-चार कोस चालायचा. वाटेत धुळीने कापूस मळायचा. अवेळी पाऊस गाठला तर भिजून ओझं जड व्हायचं, खालची काळी जमीन चिकट व्हायची आणि बैल तिथेच बसायचे. त्या माणसाला सागाच्या पानावरून टपटपणारा पाऊस कसा वाटत असेल? आम्ही मात्र छपाऱ्याच्या अलीकडे गाडी थांबवून तोच पाऊस बघतो.

आणि तिसरे ठग. हे गोड बोलून संगात मिसळायचे, मुक्काम-दर-मुक्काम विश्वास मिळवायचे आणि ठरलेल्या जागी रुमालाने गळा आवळायचे. पुरण्याच्या जागाही ठरलेल्या. विल्यम स्लीमन १८२२च्या सुमाराला नरसिंहपूरला अधिकारी होता. पुढे त्याला कळलं, की त्याच्या कचेरीपासून हाकेच्या अंतरावर, कंदेली गावात, ठगांची एक टोळी राहत होती आणि त्याला पत्ताही नव्हता. नंतर जबलपूरहून त्याने ठगांविरुद्धची मोहीम चालवली. १८३६ साली ठगांच्या टोळीत असणं हाच गुन्हा ठरवणारा कायदा झाला. माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांत काही प्रकरणांना बळींच्या आकड्यानेच नाव आहे : ‘साठ रूह’, ‘चाळीस रूह’. आजचे काही इतिहासकार म्हणतात, की साहेबाने ठगीचं चित्र भडक रंगवलं; कबुलीजबाब तुरुंगातले, जीव वाचवण्यासाठी दिलेले. ते मला पटतं. पण संग धरल्याशिवाय निघू नये ही रीत काही साहेबाने शिकवलेली नव्हती.

माफीच्या साक्षीदारांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी जबलपुरात उद्योगशाळा निघाली. तिथे ते सतरंज्या, गालिचे आणि तंबू बनवायचे. तंबू, म्हणजे प्रवाशांच्याच कामाची वस्तू!

हाच स्लीमन १८३५च्या नोव्हेंबरात तब्येतीसाठी जबलपूरहून हिमालयाकडे निघाला. सुरुवात भेडाघाटापासून. संगमरवरी कडे, नदीकाठची जत्रा, वाटेत भेटलेल्या शेतकऱ्यांशी गप्पा, झाडं, दंतकथा, सगळं त्याने टिपलं. १८४४ साली त्याचं दोन खंडांचं पुस्तक आलं. घाई नाही, पोटाचा प्रश्न नाही, हाताशी नोकरचाकर. रमतगमत जाण्याची हौस आमच्या भागात लेखी सापडते ती अशी, ज्याने वाटेची भीती घालवायचं काम केलं त्याच्याच हातची. भीती असताना माणूस वाट बघत नाही, वाटेवरची माणसं न्याहाळतो. जबलपूरच्या उत्तरेला कटनीच्या रस्त्यावर त्याच्या नावाचं स्लीमनाबाद गाव आहे.

मग रेल्वे आली. १८६७त मुंबईहून गाडी नागपूरला पोचली, त्याच वर्षी अलाहाबादकडून जबलपूरला, आणि मार्च १८७०त इटारसीकडून येणारा रूळ जबलपूरला जोडला गेला. कापूस मुंबईकडे वळला, मिर्झापूरची बाजारपेठ उतरली. पण गंमत अशी, की नागपूर ते जबलपूर सरळ रूळ नव्हताच. जबलपूरला यायचं तर आधी पश्चिमेला भुसावळ गाठायचं, मग खंडवा-इटारसीवरून उलटं पूर्वेला! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदिया-नैनपूरवरून छोटी लाइन आली. ती २०१५त ब्रॉडगेजसाठी बंद होईपर्यंत तिच्या डब्यातून हात बाहेर काढला की बांबू लागायचा. सरळ रूळ नव्हता, म्हणून सडक टिकली.

१८६१त मध्य प्रांत झाला आणि नागपूर राजधानी. कचेरीची कामं, बदल्या, सोयरिकी, सगळं याच सडकेने. १ नोव्हेंबर १९५६ला नागपूर मुंबई राज्यात गेलं, जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिलं आणि हायकोर्ट जबलपूरला आलं. माझे सासरे तेव्हाच कोर्टातल्या कारकुनीसाठी नागपूरहून इकडे आले. सासूबाई सांगायच्या, की आपण परराज्यात आलो हे त्यांना कळलं ते माहेरच्या पत्रावर ‘मध्य प्रदेश’ लिहिलेलं पाहून. त्यांच्या तक्रारी वेगळ्याच होत्या : इथे भिवापुरी मिरची मिळत नाही आणि धूम्याच्या वळणांवर पोटात ढवळतं.

आता ती वळणंही सरळ झाली. चौपदरी रस्ता गावांना बगल देऊन जातो. सिवनीच्या आसपास ऑक्टोबरात बायका टोपल्या घेऊन सीताफळं विकायला बसतात, त्या जुन्या रस्त्याला. हायवेवर थांबणार कोण? कुरईच्या घाटात रस्ता खांबांवर उचललाय, खालून जनावरांनी जावं म्हणून. गाड्यांचा आवाज आणि दिव्यांचा झोत जंगलात जाऊ नये यासाठी दोन्ही बाजूंना उंच भिंती आहेत. वाघाच्या दृष्टीने उत्तमच, आणि माझी त्याला हरकत नाही. पण पेंचच्या जंगलातून जाताना जंगल दिसत नाही. यांचं म्हणणं, त्यामुळे वेळ वाचतो. वाचतो खरा. खवाशाला वळून मात्र लोक तुरियाच्या फाटकाशी पहाटेपासून जिपांच्या रांगा लावतात, भरपूर तिकीट भरून. हे तेच जंगल, जे अंधार पडायच्या आत पार व्हावं म्हणून काशीचा संग बैलांच्या शेपट्या पिरगाळायचा.