पापँच्या भांड्यापासून ओबीआयपर्यंत

उपकरण कशावरून ओळखायचं, घडणीवरून की वापरावरून? पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून उभी हयात काढल्यावर हा प्रश्न मला फार जिव्हाळ्याचा वाटतो.

डेनिस पापँ याने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे घट्ट झाकणाचं एक भांडं मांडलं. कोंडलेल्या वाफेत हाडंसुद्धा मऊ होत. बरोबर दोनशे वर्षांनी पॅरिसमध्ये पाश्चरचा सहकारी शार्ल शांबरलाँ याने तीच कोंडलेली वाफ जंतूंवर वळवली आणि ऑटोक्लेव्ह घडवला. उकळत्या पाण्याला दाद न देणारे बीजाणू १२१ अंश सेल्सियसच्या वाफेत पंधरा-वीस मिनिटांत मरतात. शस्त्रक्रियेच्या टेबलावर किती जीव यामुळे वाचले असतील!

तालुक्याच्या गावी आमच्याकडे ऑटोक्लेव्ह नव्हता. काचेच्या सिरिंजा आम्ही घरगुती कुकरमध्ये वाफवायचो. मग तो कुकर ऑटोक्लेव्ह झाला का?

२००६च्या सुमारास आकाराला येऊ लागलेली ‘ऑन्टॉलॉजी फॉर बायोमेडिकल इन्व्हेस्टिगेशन्स’, म्हणजेच ओबीआय, ही जैववैद्यकीय संशोधनातल्या संज्ञांची संगणकाला वाचता येईल अशी मांडणी. तिच्या पायाभूत चौकटीत कार्य आणि भूमिका वेगळ्या आहेत. उपकरणाचं कार्य त्याच्या घडणीतच हेतुपुरस्सर घातलेलं असतं, भूमिका परिस्थितीने येते. कुकरचं कार्य शिजवणं. निर्जंतुकीकरण ही त्याला आम्ही दिलेली भूमिका. मला हा भेद अगदी रास्त वाटतो. बंद पडून असलेला सेंट्रिफ्यूजही सेंट्रिफ्यूजच राहतो. फिरू लागला की त्याचं कार्य प्रत्यक्षात उतरतं, रक्तपेशी तळाशी बसतात आणि सीरम वर येतं.