मुलांना ओळख ध्वनिऊर्जेची

ध्वनी हा ऊर्जेचा एक प्रकार आहे, हे वाक्य मुले शाळेत पाठ करतात. परंतु त्याचा अर्थ त्यांना उमगतोच असे नाही. तो उमगण्यासाठी प्रयोगशाळेची आवश्यकता नाही, स्वयंपाकघरातील भांडी पुरेशी आहेत.

कंपन म्हणजे काय?

वस्तू कंप पावली की ध्वनी निर्माण होतो. वाडग्यावर कापलेला फुगा घट्ट ताणून बसवावा आणि त्यावर मोहरीचे दाणे टाकावेत. वाडग्याला स्पर्श न करता जवळच एक ताट जोराने वाजवले की दाणे उडू लागतात. ताटाची कंपने हवेतून फुग्यापर्यंत पोहोचतात आणि दाण्यांना हलवतात. हालचाल घडवून आणण्याची ही क्षमता म्हणजेच ऊर्जा. आपल्या कानाचा पडदाही असाच हलतो.

ध्वनीचा प्रवास

ध्वनीला प्रवासासाठी माध्यम लागते. निर्वात पोकळीत तो पोहोचत नाही. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, पाण्यात सुमारे १,४८० मीटर, तर पोलादात ५,००० मीटरहून अधिक. दोऱ्याच्या मध्यभागी स्टीलचा चमचा बांधावा, दोन्ही टोके बोटांना गुंडाळून ती बोटे कानांवर धरावीत आणि लोंबणारा चमचा टेबलावर हलकेच आपटावा. एरवी नुसता किणकिणणारा चमचा देवळातील घंटेसारखा घुमतो, कारण त्याची कंपने आता ताणलेल्या दोऱ्यातून थेट कानापर्यंत येतात.

उंच आणि खालचा स्वर

दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या म्हणजे वारंवारता. ती हर्ट्झमध्ये मोजतात. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. काचेच्या पेल्यात पाणी वाढवून तो चमच्याने वाजवला तर स्वर खाली उतरतो. बाटलीत पाणी वाढवून तिच्या तोंडावर फुंकर घातली तर तो चढतो. पेल्यात पाण्याच्या भाराने काच सावकाश कंप पावते, तर बाटलीत कंप पावणारा हवेचा स्तंभ आखूड होतो. हा फरक मुलांनाच शोधू द्यावा.

साध्या ढोलापेक्षा तबला सुरेल का वाजतो, याचे उत्तर पुडीवरील शाईत आहे. शाईच्या भारामुळे पुडीची विविध कंपने परस्परांशी सुसंवादी प्रमाणात येतात. सर सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हे मांडले होते.

कानांची काळजी

ध्वनीची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. दर १० डेसिबलला तीव्रता दहापट होते. म्हणजे ६० डेसिबलच्या संभाषणापेक्षा ९० डेसिबलचा आवाज हजारपट तीव्र असतो. अंतर्कर्णातील सूक्ष्म केशपेशी अशा आवाजाने नष्ट झाल्या, तर माणसात त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने इअरफोनसारख्या साधनांसाठी प्रौढांना ८० डेसिबल आणि मुलांना ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास, अशी मर्यादा सुचविली आहे. भारतात २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे.

मिरवणुकीत मुलांना ध्वनिवर्धकांच्या भिंतीपासून दूर उभे करावे आणि त्यामागील कारणही सांगावे. मोहरीचे उडणारे दाणे पाहिलेल्या मुलाला ते सहज पटेल.