सॉफ्टवेअर लाँच करताना चित्रं कशी असावीत? ग्राहक आधी नमुना बिल वाचतो

नवं सॉफ्टवेअर ऑनलाइन बाजारात येतं तेव्हा ग्राहकाला आधी दिसतात ती त्याची चित्रं. ॲप स्टोअरवरचा आयकॉन, त्याखालचे स्क्रीनशॉट किंवा व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंकसोबत आलेला छोटा चौकोन. सॉफ्टवेअर बनवायला महिनोन्‌महिने जातात आणि चित्रं मात्र आदल्या रात्री उरकली जातात. तयार टेम्प्लेट घ्यायचं, लॅपटॉपसमोर हसणाऱ्या माणसाचा फोटो लावायचा, वर 'तुमच्या व्यवसायाचा डिजिटल साथी' असं लिहायचं, की झालं. यातून ते सॉफ्टवेअर नेमकं काय करतं, हे कळत नाही.

किराणा, कापड, हार्डवेअरच्या दुकानांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर बेळगाव, इंदूर, वडोदरा अशा शहरांत छोट्या टीमही बनवतात. त्याच्या पहिल्या चित्रात एकच काम दिसलं पाहिजे. उदाहरणार्थ, तयार झालेलं बिल आणि वर चार-पाच शब्द: 'बिल करा, व्हॉट्सॲपवर पाठवा'. उधारी, स्टॉक, रिपोर्ट ही पुढच्या चित्रांची कामं. सगळं एकाच चित्रात कोंबलं तर फोनवर मुंगीएवढी अक्षरं उरतात. लॉगिनचा स्क्रीन दाखवून तर काहीच साधत नाही. ॲपलच्या नियमांतही स्क्रीनशॉटमध्ये ॲप वापरात असलेलं दिसावं, नुसतं नाव किंवा लॉगिनचं पान नको, असं म्हटलं आहे.

खरी परीक्षा होते ती स्क्रीनशॉटमधल्या नमुना बिलावर. डिझायनरला ते भरताड वाटतं, पण दुकानदार ते खऱ्या बिलासारखं वाचतो. समजा बेळगावच्या ठोक व्यापाऱ्याने कोल्हापूरच्या नोंदणीकृत दुकानदाराला ट्रान्सपोर्टने माल पाठवला. विकणाऱ्याचा जीएसटी क्रमांक २९ ने सुरू होतो, घेणाऱ्याचा २७ ने. व्यवहार आंतरराज्य आहे, म्हणून १०,००० रुपयांच्या मालावर १८ टक्क्यांनी १,८०० रुपये आयजीएसटी लागतो. चित्रातल्या बिलावर त्याऐवजी ९०० सीजीएसटी आणि ९०० एसजीएसटी दिसला, तर माणूस तिथेच थांबतो. ज्याला चित्रात कर नीट लावता येत नाही, त्याच्या हाती वर्षाचे हिशेब कोण देणार? सीमाभागात तर रोजचा धंदाच दोन-तीन राज्यांत चालतो. गोव्याचा कोड ३०, मध्य प्रदेशचा २३, गुजरातचा २४, तेलंगणाचा ३६. ज्या गावात लाँच आहे, तिथला कोड नमुन्यात हवा.

दरांचंही तसंच. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तूंवरचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले. जुन्या स्क्रीनशॉटमध्ये १२ टक्के तसेच राहिले असतील, तर सॉफ्टवेअर अपडेट होत नाही असाच अर्थ निघतो. परदेशी टेम्प्लेटमधली रक्कमही लगेच ओळखू येते: १,२५,००० च्या जागी १२५,००० आणि महिना आधी लिहिलेली तारीख. रुपयाचं ₹ हे चिन्ह २०१० मध्ये आलं. त्याआधीच्या काही फॉन्टमध्ये त्या जागी रिकामी चौकट उमटते.

नमुन्यात खऱ्या गिऱ्हाइकाचं नाव, मोबाइल नंबर किंवा पूर्ण जीएसटी क्रमांक वापरू नये. पहिले दोन आकडे खरे ठेवून पुढे फुल्या टाकलेल्या बऱ्या. बिलावर यूपीआयचा क्यूआर कोड असेल तर तोही पुसावा. चित्रातला कोडही स्कॅन होतो आणि पैसे भलत्याच खात्यात जाऊ शकतात.

आता अक्षरांकडे. इंग्रजी मथळ्यात अक्षरांमधलं अंतर वाढवलं की तो ऐटदार दिसतो. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते. दोन ओळींत अंतर कमी ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात. काही डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सेटिंग चालू नसेल तर जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरामागे जाते. फॉन्ट निवडताना 'व्यापाऱ्यांसाठी' हा शब्द लिहून बघावा. त्यातला ऱ्या नीट उमटला नाही तर दुसरा फॉन्ट शोधावा. 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे आले, तर तेही मराठी वाचणाऱ्याला खटकतं. मुक्त आणि नोटो सॅन्स देवनागरी हे फॉन्ट फुकट मिळतात.

एकाच चित्रावर मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही लिहायची गरज नाही. गूगल प्लेवर प्रत्येक भाषेसाठी चित्रांचा वेगळा संच देता येतो. तो दिला नाही तर मूळ भाषेतलीच चित्रं सगळ्यांना दिसतात. कन्नड संच मात्र कन्नड वाचणाऱ्या माणसाकडून तपासून घ्यावा, नुसत्या भाषांतराच्या भरवशावर सोडू नये.

मापं ठरलेली आहेत. गूगल प्लेवर आयकॉन ५१२ बाय ५१२ पिक्सेल, वरचा आडवा बॅनर १०२४ बाय ५००, फोनचे स्क्रीनशॉट किमान २ आणि जास्तीत जास्त ८. ॲपलकडे १० पर्यंत चालतात. बॅनरला व्हिडिओ जोडला तर प्लेचं बटण मधोमध येतं, म्हणून तिथे मजकूर नको. लिंकसोबतच्या चित्रासाठी १२०० बाय ६३० हे माप सर्रास वापरतात. व्हॉट्सॲपवर ते कधी चौकोनी कापलं जातं, त्यामुळे नाव कडेला ठेवू नये. चित्र बदलूनही जुनंच दिसत राहिलं, तर फाइलचं नाव बदलून पुन्हा चढवावं.

रंगांसाठी वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांचा आधार घेता येतो. साध्या मजकुरात अक्षर आणि पार्श्वभूमीचा फरक ४.५ ला १, मोठ्या अक्षरांत ३ ला १. फिकट राखाडीवर पांढरं ऑफिसच्या मॉनिटरवर छान दिसतं, दुपारच्या उन्हात काउंटरवरच्या फोनवर दिसत नाही.

अजून न झालेली सोय चित्रात दाखवणं महागात पडू शकतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दावा ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत द्यायचा असतो. म्हणजे 'मोफत' मराठीत आणि 'पहिले ३० दिवसच' बारीक इंग्रजीत, हे चालत नाही.

लाँचआधी ही चित्रं सॉफ्टवेअर न पाहिलेल्या दोन-तीन दुकानदारांना फोनवरच दाखवावीत. समजावून काही सांगू नये, 'हे कशासाठी असेल?' एवढंच विचारावं. गूगल प्लेवर दोन वेगळ्या चित्रांची तुलना करायची सोयही आहे, पण पहिल्या आठवड्यात पान बघणारे मोजकेच असतील तर त्या आकड्यांवरून काही ठरवता येत नाही. तोवर दुकानदार बोट कुठे ठेवून अडला, ते टिपून घेतलेलं जास्त उपयोगी.