कार्रास्को, आना
(१० मार्च १९९७– ). स्पॅनिश मोटारसायकल शर्यतपटू. २०१३ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी ती मोटो-३ जागतिक स्पर्धेत उतरली. सेपांगला पंधरावी, तर हंगाम संपताना व्हॅलेन्सियाला आठवी आली. पंधराव्या क्रमांकाला गुण एकच, पण या वर्गात तो मिळवणारी ती पहिलीच महिला. अंगाने हलकी म्हणून फायदा झाला, हा आक्षेप फारसा टिकत नाही; मोटो-३ मध्ये किमान वजन स्वार आणि गाडी मिळून मोजतात. पुढची काही वर्षे मात्र कोरडीच गेली, त्यामुळे तिची चढण सरळ होती असे म्हणणे भाबडेपणाचे. २०१८ मध्ये तिने सुपरस्पोर्ट ३०० चे जगज्जेतेपद पुरुष स्पर्धकांना मागे टाकून जिंकले. वर्ग कनिष्ठ होता, हे खरे. पण गुणतक्ता सर्वांना एकच होता आणि मान्यी-कूरच्या अखेरच्या शर्यतीत तेरावी येऊनही ती एका गुणाने पुढे राहिली.