ख्रिस्ती संन्यासाची वाट लोणंदवरून

आषाढवारीत माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरते आणि लोणंदला मुक्काम करते. याच जिल्ह्यात, साताऱ्याला, १९१७ साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मिशनची नोकरी सोडून ख्रिस्ती संन्यास घेतला. या दोन गोष्टींचे कूळ एकच, असे माझे ठाम मत आहे.

टिळकांचा १८९५चा बाप्तिस्मा, नगरची वर्षे, अभंग हे सारे सर्वांना माहीत आहे. संन्यास मात्र त्यांनी कुठून घेतला? कुणी रॉबर्ट दी नोबिलीचे नाव घेईल. हा इटालियन जेझुइट १६०६मध्ये मदुरेला आला आणि पुढे संन्याशाच्या वेषात राहिला. कुणी १९०५ साली भगवी कफनी घातलेल्या साधू सुंदरसिंगांचे घेईल. भगव्याची कल्पना तेव्हा हवेत होती, हे मान्य. पण नोबिली उच्चवर्णीयांनी आपलेसे करावे म्हणून इतर ख्रिस्ती लोकांपासून अलग राहिला, आणि सुंदरसिंग ब्रह्मचारी. टिळकांच्या संन्यासात पत्नी लक्ष्मीबाई आहेत, मुलेबाळे आहेत.

प्रपंचात राहून विरक्ती, ही रीत वारकऱ्यांची. माउलींच्या वडिलांनी, विठ्ठलपंतांनी, काशीत संन्यास घेतला. गुरूने त्यांना परत संसारात धाडले, आणि त्या ‘संन्याशाच्या पोरा’च्याच पादुका लोणंदला येतात. हा सोहळा आजच्या रूपात बसवला तो हैबतबाबा आरफळकरांनी. तेही साताऱ्याकडचेच, आरफळचे, शिंद्यांच्या पदरचे सरदार. आळंदीच्या महाद्वारात त्यांच्या नावाची पायरी आहे. सरदाराने भक्तांच्या पायांखालची जागा पत्करावी, याहून नम्रता ती कोणती?

कुणी म्हणेल, टिळक तर तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले; मग वाट देहूची, आळंदीची नव्हे. पण तुकोबाही संसारीच. आणि एकमेकांच्या पाया पडणाऱ्या वारकऱ्यांत टिळकांना शिष्यांचे पाय धुणारा येशू दिसला असणार, हा माझा तर्क मी सोडणार नाही. त्यांनी काढलेल्या ‘देवाचा दरबार’ या भक्तमंडळात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती.

१९१९च्या मे महिन्यात टिळक गेले. त्यांचे चरित्र लिहिणाऱ्या जॅक विन्स्लो यांनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ काढला. पुण्यातही त्याचा आश्रम निघाला.

नोबिलीच्या विरक्तीला घरचा साक्षीदार नाही, टिळकांच्या विरक्तीला आहे. ती साक्ष लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त वाचावी.