परमुलखांतील रोकड

प्रवासास निघणारा मनुष्य शिदोरी बांधतो, कपडे बांधतो आणि कमरेला पैशाचा कसा बांधतो. परंतु स्वदेशाची हद्द ओलांडली कीं कसा कितीही जड असला तरी त्यांतील नाण्यांचा खणखणाट परक्यांना ओळखीचा वाटत नाहीं. घरीं ज्या नाण्याच्या बळावर धान्य, दूध आणि हमाल मिळे, तेंच नाणें तेथें धातूचा एक तुकडा होऊन बसतें. त्या तुकड्याचा पुन्हां पैसा कोणी करावा, कोणत्या भावानें करावा, आणि तो करून देणाऱ्यावर विश्वास कां ठेवावा, हा प्रश्न प्रवासाइतकाच जुना आहे. सतराव्या शतकांतील सुरत बंदरांत तो रोज सोडविला जाई, आणि त्याचें एक मार्मिक उत्तर पुढें रायगडावर मिळालें.

झाँ बाप्तिस्त टॅव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या १६३१ ते १६६८ या काळांत सहा वेळां पूर्वेकडे आला. पहिली सफर इराणपर्यंतच झाली. पुढील सफरींत त्यानें हिंदुस्थान पाहिला. १६७६ मध्यें पॅरिस येथें प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवृत्तांत राजवाड्यांचीं व हिऱ्यांच्या खाणींचीं वर्णनें आहेत. पण त्याचबरोबर रुपया कसा मिळवावा व कसा खर्चावा, याचीही बारकाईची माहिती आहे. व्यापाऱ्याची ती दृष्टि इतिहासाच्या फार उपयोगी पडली.

मोगलांच्या मुलखांत परकें नाणें नाणें म्हणून फारसें चालत नसे. स्पेनचे रेआल असोत कीं दुसऱ्या कोणत्या देशाची मोहोर असो, तें सारें चांदी किंवा सोनें म्हणून जोखलें जाई, टांकसाळींत गाळून शुद्ध केलें जाई, आणि मग त्यावर बादशहाचा शिक्का उमटे. टांकसाळींत गर्दी असली म्हणजे दिवसचे दिवस खोळंबून राहावें लागे. ज्याला इतकी सवड नसे तो आपली चांदी सराफाला विकून रोख रुपये घेई, आणि त्या घाईची किंमत मोजी.

बरें, रुपया हातीं आला म्हणजे सर्व कांहीं आटोपलें असेंही नव्हे. नुकताच पाडलेला रुपया ‘सिक्का’ म्हणून पूर्ण मोलानें चाले. एकदोन वर्षें हातोहात फिरलेला तो ‘चलनी’. त्यावर बट्टा बसे. मागील बादशहाच्या अमदानींतील रुपया ‘खजाना’. त्यावर बट्टा आणखी अधिक. तीच चांदी, तेंच वजन, पण नाण्यावरील सालाप्रमाणें मोल निराळें! नवख्या प्रवाशाला हें गूढच वाटे. तें उकलून सांगणारा एकच मनुष्य होता, आणि उकलण्याचा मोबदला घेणाराही तोच. तो म्हणजे सराफ.

या सराफाचें टॅव्हर्नियेला मोठें नवल वाटे. ज्या गांवीं सराफ नाहीं तें गांव फारच लहान असलें पाहिजे, असें तो सांगतो. सराफाच्या काटकसरीचें त्यानें दिलेलें उदाहरण तर लक्षांत ठेवण्यासारखें आहे. कसोटीच्या दगडावर सोन्याची रेघ ओढली कीं तीही वायां जाऊं नये, म्हणून डांबर आणि मेण यांची एक गोळी करून ती त्या दगडावर घाशीत. कांहीं वर्षांनीं ती गोळी जाळली कीं कणाकणानें जमलेलें सोनें परत मिळे.

मोठ्या रकमेची अडचण सराफाकडे सुटली तरी बाजारांत भाजीपाला घ्यावयास रुपया फार मोठा पडे. तेथें तांब्याचा पैसा लागे, आणि पैशाहूनही लहान चलन लागे. गुजराथेंत त्यासाठीं इराणांतून येणारे कडू बदाम चालत. एका पैशाला कधीं पस्तीस तर कधीं चाळीस. ते इतके कडू असत कीं पोरें तें चलन खाऊन टाकतील अशी भीति नसे! इतरत्र मालदीव बेटांतून येणाऱ्या कवड्या चालत. समुद्राजवळ पैशाला ऐंशीपर्यंत मिळत. आग्र्यासारख्या दूरच्या शहरीं पन्नास-पंचावन्नच. कवडी जसजशी समुद्रापासून दूर जाई तसतशी ती महाग होई. रुपयाचे पैसे किती आणि पैशाच्या कवड्या किती, हा भाव वरखालीं करणें बहुतांशीं सराफांच्या हातीं होतें. परक्या मनुष्यानें हिशेब ठेवावा तरी कसा?

पण याच सराफाजवळ एक विद्या होती. तिचें नांव हुंडी. आग्र्यास नीळ खरेदी करणारा व्यापारी तेथील सराफाकडून रुपये घेई आणि दोन महिन्यांनीं सुरतेस ते फेडण्याची चिठ्ठी लिहून देई. टॅव्हर्नियेनें या व्यवहाराचे दर दिले आहेत : सुरतेवरील हुंडीस अमदाबादेहून शेंकडा एक ते दीड, बऱ्हाणपुराहून अडीच ते तीन, आग्र्याहून सव्वाचार ते पांच, लाहोराहून सव्वासहापर्यंत. माल वाटेंत लुटला गेला तर सराफाचे पैसेही बुडत; म्हणून दर चढे असत. त्या टक्केवारींत व्याज होतें, वाटेचें भय होतें, आणि दोन अनोळखी शहरांना जोडणाऱ्या शब्दाची किंमतही होती.

सुरतेच्या याच श्रीमंतीमुळें शिवाजी महाराजांनीं १६६४ आणि १६७० अशी दोनदां ती लुटली. पुढें १६७४ मध्यें राज्याभिषेकाच्या वेळीं हेन्री ऑक्झिंडन हा इंग्रजांचा वकील मुंबईहून रायगडास आला. इंग्रजांच्या मागण्यांत एक कलम नाण्याविषयीं होतें : मुंबईचें नाणें महाराजांच्या मुलखांत चालावें. महाराजांच्या उत्तराचा आशय इंग्रजांच्याच कागदांत नोंदलेला आहे. कोणतेंही नाणें चालण्यास आपली मनाई नाहीं. पण ज्यांत रयतेचें नुकसान होईल तें नाणें घ्या, अशी सक्तीही आपणांस करतां येणार नाहीं. इंग्रजांचें नाणें मोगलांच्या व इतर राजांच्या नाण्याइतकें कसाचें व वजनाचें असेल तर त्यास अडथळा होणार नाहीं.

या उत्तराचें महत्त्व कळण्यासाठीं साडेतीन शतकें मागें पाहिलें पाहिजे. देवगिरीला दौलताबाद करणाऱ्या महंमद तुघलकानें १३३० च्या सुमारास तांब्याचें नाणें चांदीच्या मोलानें चालविण्याचा हुकूम काढला. घरोघर खोटीं नाणीं पडूं लागलीं, परदेशी व्यापारी तें नाणें घेईनात, आणि अखेर सुलतानाला तें परत घेऊन खजिन्यांतून चांदी मोजावी लागली. हुकमानें नाणें पाडतां येतें. परक्याच्या मुठींत तें हुकमानें घालतां येत नाहीं. जें सुलतानाला मोठी किंमत देऊन कळलें, तें रायगडावर एका वाक्यांत सांगितलें गेलें.

युरोपांतील प्रवाशांनाही याच वाटेनें जावें लागलें. पूर्वींचें पतपत्र ठराविक शहरांतील ठराविक पेढीवरच चाले. १७७२ मध्यें रॉबर्ट हेरिस या स्कॉटिश सावकारानें लंडनहून अनेक शहरीं वटणाऱ्या नोटा काढल्या, आणि प्रवाशाला वाट बदलण्याचें स्वातंत्र्य मिळालें. १८९१ मध्यें अमेरिकन एक्स्प्रेस कंपनीनें प्रवासी धनादेश काढला. विकत घेतांना एक सही आणि वटवितांना पैसे देणाऱ्यासमोर दुसरी. दोन सह्या जुळल्या कीं अनोळखी मनुष्य ओळखीचा झाला! कसोटीच्या दगडाचें काम आतां हस्ताक्षर करूं लागलें.

२००२ च्या जानेवारीपासून युरोपांतील बारा देशांनीं एकच नाणें वापरावयास घेतलें, आणि तेवढ्या मुलखांत तरी बट्ट्याचा त्रास संपला. इतरत्र तो आहेच. आजचा प्रवासी विमानतळावरील यंत्रांत पत्ता घालून परकी नोट काढतो. समोर सराफ दिसत नाहीं, मेणाची गोळीही दिसत नाहीं. पण दोन भावांमधील फरकांत कोणाची तरी गोळी कण टिपीतच असते. म्हणून नोट मोजतांना भावही विचारावा. आणि परक्या गांवीं आपली नोट कोणी निःशंकपणें हातीं घेतली, तर तिच्यामागें केवळ सरकारचा शिक्का नसून कित्येक पिढ्यांनीं राखलेला शब्द आहे, हेंही स्मरावें.