आयात पोषणपूरके आणि पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक पट्टा : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

विकसनशील देशातील पोषणपूरकांची बाजारपेठ हा केवळ वैद्यकशास्त्राचा विषय नाही. कोणती वस्तू परदेशातून यावी, कोणती देशात तयार व्हावी आणि शरीराची गरज कोणी ठरवावी, हे तीन प्रश्न या बाजारपेठेच्या मुळाशी आहेत. पुण्याच्या वायव्येस निगडीपासून चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्याचा या तिन्ही प्रश्नांशी निकटचा संबंध आहे. प्रस्तुत लेखात वसाहतकाळापासून आजपर्यंतच्या या प्रवासाचा आढावा घेऊन त्यातील स्थित्यंतरे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

वसाहतकालीन पार्श्वभूमी :

भारतात परदेशी पोषणपदार्थ आले ते एजन्सी हाऊसच्या मार्गाने. मुंबईत १९२४ मध्ये नोंदलेली एच. जे. फॉस्टर आणि कंपनी 'ग्लॅक्सो' या बालान्नाची वितरक होती. तीच पुढे देशातील एक प्रमुख औषध कंपनी बनली. म्हणजेच एका मोठ्या औषध व्यवसायाची सुरुवात दुधाच्या भुकटीच्या डब्यापासून झाली. हॉर्लिक्स, ओव्हल्टीन आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल यांचा ग्राहकवर्ग प्रामुख्याने शहरी, शिक्षित आणि नोकरदार होता.

दुसऱ्या महायुद्धाने या व्यवस्थेला पहिला धक्का दिला. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वेवर आक्रमण केले आणि कॉड तेलाचा पुरवठा खंडित झाला. परिणामी भारतीय किनाऱ्यावरील मुशी माशाच्या यकृतापासून तेल काढण्याच्या उद्योगास चालना मिळाली. आयात थांबली तेव्हाच देशी पर्यायाचा गांभीर्याने विचार झाला, ही बाब लक्षणीय आहे. याच दशकात आयात भुकटीचा एक वेगळा उपयोगही झाला. दारा खुरोडी यांनी १९४६ मध्ये मुंबईत म्हशीच्या दुधात स्निग्धांशरहित भुकटी व पाणी मिसळून 'टोन्ड' दूध पुरविण्यास आरंभ केला. एकच आयात वस्तू डब्यात बंद झाली तर मोजक्यांचे टॉनिक ठरत होती आणि सार्वजनिक पुरवठ्यात आली तर अनेकांचे अन्न बनत होती.

आयात-पर्यायाचा कालखंड :

स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची टंचाई आणि परवाना पद्धती यांमुळे तयार खाद्यपदार्थांची आयात क्रमाने आटत गेली. कंपन्यांनी त्यावर देशातच उत्पादन करण्याचा मार्ग काढला. १९४८ मध्ये आयात मालाच्या पुनर्वेष्टनापासून आरंभ करणाऱ्या कॅडबरीने पुढे येथेच कारखाने उभारले. तळेगाव-चाकण मार्गावरील इंदोरी येथील कारखाना त्यांपैकीच एक होय.

या धोरणाचे सर्वांत ठळक उदाहरण मात्र पिंपरीत घडले. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड या सरकारी कंपनीची स्थापना झाली. १९५५ मध्ये तेथे पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. पोषणपूरक हे या कारखान्याच्या स्थापनेचे प्रयोजन नव्हते. परंतु जीवनावश्यक पदार्थासाठी परदेशावर अवलंबून राहू नये, हा विचार त्याने या परिसरात रुजविला. १९६० च्या दशकात टेल्को, बजाज आदी कारखाने आले. १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि निगडी परिसरात आखीव पेठा वसल्या. नियमित वेतन मिळविणारा आणि मुलांच्या प्रकृतीविषयी जागरूक असा मोठा ग्राहकवर्ग अशा रीतीने येथे तयार झाला.

प्रथिनांचा वाद आणि पुणे :

१९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सल्लागार समितीने जगावर प्रथिनटंचाईचे संकट येत असल्याचा इशारा दिला. प्रथिनयुक्त भुकट्यांच्या प्रसाराला त्यामुळे शास्त्रीय आधार मिळाल्यासारखे झाले. या गृहीतकाला आव्हान देणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११-१९९७) अग्रभागी होते. अन्न व कृषी संघटनेतून निवृत्त होऊन पुण्यात स्थायिक झालेल्या सुखात्मे यांचे प्रतिपादन असे, की धान्य व डाळ यांचा नेहमीचा आहार पोटभर मिळाल्यास प्रथिनांची गरज सामान्यतः भागते. खरी उणीव एकूण अन्नाची, म्हणजेच उष्मांकांची आहे. कुपोषितांची संख्या मोजण्याच्या त्यांच्या पद्धतीवर पुण्यातीलच अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांनी कठोर टीका केली. तथापि भुकेचा प्रश्न डब्याने सुटत नाही, हा सुखात्मे यांचा मुद्दा त्या टीकेने बाधित होत नाही. १९७४ मध्ये डोनाल्ड मॅकलारेन यांनीही 'लॅन्सेट' या नियतकालिकातून प्रथिनटंचाईच्या सिद्धान्ताचा परखड समाचार घेतला.

उदारीकरणानंतरची बाजारपेठ :

जागतिक व्यापार संघटनेतील अमेरिकेच्या तक्रारीचा निर्णय १९९९ मध्ये भारताच्या विरोधात गेला. त्यानुसार १ एप्रिल २००० रोजी ७१४ आणि १ एप्रिल २००१ रोजी ७१५ वस्तूंवरील संख्यात्मक आयातनिर्बंध उठविण्यात आले. तत्पूर्वीच, १९९८ मध्ये अ‍ॅम्वे आणि त्यानंतरच्या वर्षी हर्बलाइफ या अमेरिकी कंपन्यांनी भारतात व्यवसाय सुरू केला होता. दुकानाऐवजी परिचितांच्या साखळीतून विक्री करण्याची ही पद्धत १९४० च्या दशकात अमेरिकेत न्यूट्रिलाइट या पोषणपूरकाच्या विक्रीतूनच विकसित झाली होती. वसाहती, कारखान्यांतील पाळ्या आणि महिला मंडळे यांनी जोडलेल्या औद्योगिक नगराची घडण अशा विक्रीस सोयीची असते. येथे विक्रेता हाच शेजारी असतो. त्यामुळे वस्तूची पारख करणे आणि नाते जपणे यांतील सीमारेषा पुसट होते.

कायदा या बदलाच्या बराच मागे राहिला. पोषणपूरक हे औषध की अन्न, याचे स्पष्ट उत्तर १९४० च्या औषध कायद्यात नव्हते आणि १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्यातही नव्हते. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने या वर्गाला प्रथमच स्वतंत्र ओळख दिली. तपशीलवार विनियम २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांचा अंमल २०१८ पासून सुरू झाला. थेट विक्रीसाठीचे नियम तर २०२१ च्या अखेरीस आले. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने 'हेल्थ ड्रिंक' असा कोणताही वर्ग कायद्यात नसल्याचे ऑनलाइन विक्रेत्यांस कळविले. त्यानंतरच्या महिन्यात राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत शरीर कमावण्यासाठी प्रथिनपूरके टाळण्याचा सल्ला देण्यात आला. सुखात्मे यांच्या विचाराची दिशा अर्धशतकानंतर अशा प्रकारे पुन्हा चर्चेत आली.

आयातीचे स्वरूपही दरम्यान बदलले. आज अनेक डब्यांवर देशी कंपनीचे नाव असते. परंतु आतील व्हे प्रथिन आणि जीवनसत्त्वे बहुधा परदेशातून येतात. पिंपरीच्या सरकारी कारखान्याची १९९० च्या दशकापासून झालेली आर्थिक घसरण या पार्श्वभूमीवर अधिक अर्थपूर्ण ठरते.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, आयात पोषणपूरकांची बाजारपेठ कुपोषणाच्या प्रमाणात वाढत नाही, तर क्रयशक्तीच्या प्रमाणात वाढते. निगडीत प्राधिकरणाच्या पेठा आणि ओटा स्कीमची वस्ती जवळजवळ आहेत. डबा मात्र गरज पाहून घर निवडत नाही. दुसरी, परावलंबन संपले नाही. ते डब्यावरून कच्च्या मालावर सरकले. तिसरी, कायदा नेहमी बाजारामागून आला आणि मधल्या काळातील जोखीम ग्राहकाने सोसली. म्हणून कामगार कुटुंबाने डब्यावर होणारा खर्च डाळ, दूध, अंडी व शेंगदाणे यांवरील खर्चाशी ताडून पाहणे आवश्यक आहे. वैद्यकीय कारणासाठी पूरकांची गरज असणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्याचे उत्तर वैद्यानेच द्यावयाचे असते, विक्रेत्याने नव्हे.